अप्पियन रस्त्याखालची ख्रिस्तसभा: रोमच्या चार कॅटाकोमच्या फेऱ्या, कोणती कशासाठी घ्यावी

रोमच्या वेशीबाहेर जमिनीखाली चाळीसहून अधिक प्राचीन ख्रिस्ती दफनभूमी, म्हणजेच कॅटाकोम, सापडल्या आहेत. त्यांतल्या मोजक्याच प्रवाशांसाठी नेमाने उघड्या असतात. इथे चार घेतल्या आहेत: अप्पियन रस्त्यावरची सान कालिस्तो आणि सान सेबास्तियानो, तिथून जवळच असलेली दोमितिल्ला, आणि शहराच्या उत्तरेला सालारिया रस्त्यावरची प्रिशिल्ला. चारही ठिकाणी पद्धत सारखी आहे. तिकीट काढायचं, आपल्या भाषेच्या गटाची वाट पाहायची आणि मार्गदर्शकाबरोबर तीस ते पंचेचाळीस मिनिटांत खाली जाऊन वर यायचं. एकट्याने उतरता येत नाही. तिकीट साधारण १० युरो, मुलांना सवलत. मार्गदर्शकाचे पैसे त्यातच येतात, पण प्रत्येक कॅटाकोमचं तिकीट वेगळं असतं.

आधी निकाल सांगतो. आरंभीची ख्रिस्तसभा कशी उभी राहिली, तिचा कारभार कसा चालायचा, पैसे कुठे जायचे, माणसं कोण होती, हे जाणून घ्यायचं असेल तर सान कालिस्तो पहिलं आणि त्याच दिवशी सान सेबास्तियानो दुसरं. चित्रं पाहायची असतील तर प्रिशिल्ला. गर्दी नको असेल आणि दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या हव्या असतील तर दोमितिल्ला. ‘छळाच्या काळात ख्रिस्ती लोक इथे लपून राहायचे’ हे ऐकायला मिळेल म्हणून जाणार असाल, तर तो समज वरच ठेवून खाली उतरा. इथे कोणी राहत नसे. ही स्मशानं होती आणि ती कुठे आहेत हे रोमच्या अधिकाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. इ.स. २५७ मध्ये सम्राट व्हॅलेरियनने ख्रिस्ती लोकांना या जागांमध्ये जमायला बंदी घातली. लपण्याची जागा गुप्त असती तर अशी बंदी घालता आली नसती.

दफनभूमी जमिनीखाली का नेली याचं कारण साधं आहे. रोमन कायद्याने शहराच्या हद्दीत दफन करता येत नसे, म्हणून सगळ्याच रोमन लोकांच्या कबरी वेशीबाहेर रस्त्यांच्या कडेला असत. ख्रिस्ती लोक प्रेत जाळत नसत, पुरत. जमीन महाग आणि माणसं गरीब. त्यातच रोमच्या आसपासचा खडक टुफा आहे, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला मऊ दगड. कोकणातली चिरेखाण पाहिलेल्याला हे लगेच उमजेल. जांभा जमिनीत असताना कुऱ्हाडीने तासता येतो आणि उघड्यावर आला की घट्ट होतो. टुफाचा स्वभावही बराचसा असाच. साध्या कुदळीने तो कापला जातो आणि कापलेली भिंत आधाराशिवाय उभी राहते. कान्हेरीच्या किंवा कार्ल्याच्या बेसॉल्टात जे काम करायला पिढ्या लागल्या, त्याच्या कितीतरी पट लांबीचे बोगदे इथे थोड्या मजुरांनी खणले. त्यात कोरीवकाम मात्र नाही, केवळ पोकळी आहे. अजिंठ्याच्या अपेक्षेने खाली उतरलेल्याची निराशा होते, ती यामुळेच.

भिंत कशी वाचायची ते उतरण्यापूर्वीच शिकून घ्यावं, कारण मार्गदर्शकाला ते सांगायला वेळ नसतो. बोगद्याच्या दोन्ही भिंतींमध्ये फडताळांसारखे आडवे कोनाडे एकावर एक असतात. अशा एका कोनाड्याला लोकुलुस म्हणतात. प्रेत कापडात गुंडाळून, पेटीशिवाय, भिंतीला समांतर आत ठेवायचे आणि तोंड विटांनी, कौलांनी किंवा संगमरवरी फरशीने चुन्यात बंद करायचे. ही बंदिस्ती चोख नसेल तर त्याच बोगद्यातून रोज ये-जा करणं अशक्य झालं असतं, म्हणून चुना सढळ हाताने वापरलेला दिसतो. फरशीवर नाव कोरून घेणं ज्यांना परवडत नसे त्यांनी ओल्या चुन्यात नाणं, शिंपला, काचेच्या पेल्याचा तळ किंवा तेलाचा दिवा दाबून ठेवला आहे. आपल्या माणसाची कबर अंधारात ओळखू यावी म्हणून ही खूण. कमानीखालची मोठी कबर म्हणजे आर्कोसोलियुम, आणि कुटुंबाची किंवा गटाची खोली म्हणजे कुबिकुलुम, लॅटिनमध्ये शब्दशः निजायची खोली.

आता उंची पाहा. जागा संपली की खणणारे नवा बोगदा काढण्याऐवजी पुष्कळदा जुन्याच बोगद्याची जमीन आणखी खाली उतरवत. त्यामुळे अशा उंच बोगद्यात वरच्या ओळीतली कबर जुनी आणि पायाशी असलेली नवी. आपल्याला सहज वाटतं त्याच्या नेमकं उलट. मजल्यांचाही साधारण हाच क्रम आहे: वरचा मजला आधीचा, खालचा नंतरचा. एवढं डोक्यात असलं तर अर्ध्या तासाच्या फेरीतही शंभर-दीडशे वर्षांची वाढ आपली आपल्याला दिसते.

आणि कोनाड्यांची लांबी बघा. हात-दीड हात लांबीचे कोनाडे जागोजागी आहेत. ती मुलांची दफनं. त्या काळी बालमृत्यू किती होता हे एखाद्या तक्त्यापेक्षा ही भिंत जास्त स्पष्ट सांगते. नवजात बाळालासुद्धा स्वतंत्र जागा आणि बंद केलेलं तोंड मिळालं आहे, हेही तीच सांगते.

सान कालिस्तो

इथल्या बोगद्यांची लांबी सुमारे २० किलोमीटर, मजले चार, खोली २० मीटरपेक्षा जास्त. फेरीत यातला अगदी थोडा भाग येतो, पण जो येतो तो महत्त्वाचा आहे.

या जागेचं नाव ज्याच्यावरून पडलं तो कॅलिस्टस मूळचा गुलाम. त्याच्या विरोधकाने लिहून ठेवलेल्या हकिगतीनुसार त्याच्या हातून पेढी बुडाली आणि पुढे त्याला सार्डिनियाच्या खाणींत सक्तमजुरीला पाठवलं गेलं. तिथून सुटल्यावर इ.स. १९९ च्या सुमारास बिशप झालेल्या झेफिरिनसने त्याला डीकन, म्हणजे सेवाकार्याचा अधिकारी केलं आणि ‘दफनभूमी’ त्याच्या ताब्यात दिली. नुसतं ‘दफनभूमी’ एवढंच म्हटलं आहे, कोणाची ते नाही. यावरून एक मोठी गोष्ट कळते. तोवर ख्रिस्ती माणसं श्रीमंत बांधवांच्या खाजगी जमिनीत किंवा इतर रोमन लोकांच्या शेजारी पुरली जात. आता रोमच्या ख्रिस्तसभेची स्वतःची, सामाईक, कारभारी नेमलेली दफनभूमी झाली होती. २१७ मध्ये कॅलिस्टस स्वतः बिशप झाला. तो इथे पुरलेला नाही. त्याची कबर शहराच्या दुसऱ्या अंगाला, ऑरेलियन रस्त्यावर होती.

फेरीचा मध्यबिंदू म्हणजे पोपांची, अर्थात रोमच्या बिशपांची, खोली. तिसऱ्या शतकातले नऊ पोप इथे पुरले होते: पाँटियन, अँटेरस, फेबियन, लुसियस, स्टीफन, दुसरा सिक्स्टस, डायोनिशियस, फेलिक्स आणि युटिकियन. त्यांपैकी पाच जणांच्या मूळ फरश्या सापडल्या आणि त्या ग्रीकमध्ये आहेत. इथे जरा थांबावं. रोम लॅटिनचं माहेरघर, आणि तिथल्या बिशपांच्या कबरी ग्रीकमध्ये! प्रेषित पौलानेही बायबलमधलं रोमकरांस पत्र ग्रीकमध्येच लिहिलं होतं. रोमची पहिली ख्रिस्तसभा पूर्वेकडून आलेल्या व्यापाऱ्यांची, कारागिरांची, गुलामांची आणि मुक्त झालेल्या गुलामांची होती, आणि दोनशे वर्षं तिची भाषा बदलली नव्हती. लॅटिनमध्ये कोरलेली पोपांची पहिली कबर कॉर्नेलियसची. तो २५३ मध्ये हद्दपारीत मेला आणि नंतर याच परिसरात आणून पुरला गेला. त्याची कबर पोपांच्या खोलीत नाही; ती जवळच्या दुसऱ्या भागात आहे आणि नेहमीच्या फेरीत येत नाही.

फेबियनच्या फरशीवर नाव आणि ‘बिशप’ या शब्दाचं लघुरूप कोरलेलं आहे आणि पुढे ‘रक्तसाक्षी’, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण दिलेला, या अर्थाची जोडाक्षरं. नीट पाहिलं तर जोडाक्षरांची खोदाई वेगळ्या हाताची आहे, नंतर घातलेली. फेबियनला २० जानेवारी २५० रोजी सम्राट डेसियसच्या धर्मछळात मारलं गेलं. मेल्यावर लगेच त्याच्या कबरीवर ते विशेषण आलं नाही. ख्रिस्तसभेने पुढे विचारपूर्वक जोडलं. गटाबरोबर पुढे सरकताना ही जागा हुकते, म्हणून आधीच ठरवून ठेवावं: खोलीत शिरल्यावर आधी फरश्या पाहायच्या, मग छत.

याच खोलीत पोप दमासस याने चौथ्या शतकात बसवलेली पद्यशिला आहे. शेवटी तो म्हणतो की मलाही इथेच पुरून घ्यायची इच्छा होती, पण पवित्र माणसांच्या अस्थींना त्रास होईल म्हणून धजलो नाही. चौथ्या शतकात या दफनभूमीचं तीर्थ कसं झालं ते या ओळींत दिसतं.

कॉर्नेलियसचं नाव आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावं. २५१ च्या सुमाराच्या त्याच्या एका पत्रातला उतारा टिकून आहे. त्यात रोमच्या ख्रिस्तसभेची नोंदच मिळते: ४६ धर्मगुरू, ७ डीकन, ७ उपडीकन, ४२ सेवक, भूत काढणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२, आणि सभेच्या खर्चाने पोसल्या जाणाऱ्या १५०० हून अधिक विधवा व गरजू. सात डीकनांमध्ये शहराचे विभाग वाटून देण्याचं काम फेबियनने केलं असं परंपरा सांगते. आता हे आकडे मनात ठेवून बोगद्याकडे पाहा. दीड हजार माणसांना जेवू घालणारी संस्थाच त्यांच्या मरणाची सोय करत होती. गरिबाच्या प्रेताला जागा, चुना आणि फरशी मिळावी म्हणून पैसे गोळा होत, आणि ती व्यवस्था पाहणारा डीकन अनेकदा पुढचा बिशप ठरे. रोममधल्या ख्रिस्तसभेची सुरुवात राजवाड्यांत किंवा मोठ्या मंदिरांत शोधू नये. ती या फडताळांत आहे. चारही फेऱ्यांमध्ये ही गोष्ट सगळ्यात कमी वेळ सांगितली जाते आणि सगळ्यात जास्त वेळ चमत्कारांच्या कथांना मिळतो. यावर माझा ठाम आक्षेप आहे.

पोपांच्या खोलीशेजारी संत सेसिलियाची खोली आहे. तिथली पांढरी आडवी मूर्ती मूळ नाही. स्तेफानो मादेर्नोने १६०० च्या सुमारास घडवलेल्या मूर्तीची ती प्रतिकृती आहे, मूळ रोमच्याच त्रास्तेवेरे भागातल्या चर्चमध्ये. सेसिलियाच्या अस्थी ८२१ मध्ये पोप पास्कल पहिला याने तिकडे हलवल्या असं सांगतात. मूर्तीपुढे गट सर्वांत जास्त रेंगाळतो. तुम्ही तो वेळ शेजारच्या भिंतींवरच्या मध्ययुगीन चित्रांसाठी वापरा.

‘संस्कारांच्या खोल्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुटुंब-खोल्यांमध्ये तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीची चित्रं आहेत: बाप्तिस्मा, योना, मेजवानी, खडकावर काठी मारणारा मोशे. वधस्तंभ कुठेही नाही. तो शोधून लोक हैराण होतात. त्या काळी क्रूस म्हणजे चालू असलेली शिक्षा होती, सन्मानाचं चिन्ह नव्हतं. त्याऐवजी जहाजाचा नांगर, मासा, कबुतर, हात पसरून प्रार्थना करणारी आकृती आणि खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ दिसतो. ख्रिस्ताच्या नावाची पहिली दोन ग्रीक अक्षरं एकमेकांत गुंफलेली दिसली तर ती कबर बहुतेक चौथ्या शतकातल्या सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या काळची किंवा नंतरची समजावी.

पोपांची खोली पुरातत्त्वज्ञ जियोव्हानी बत्तिस्ता दे रोस्सी याने १८५४ मध्ये शोधली. त्याची सुरुवात एका द्राक्षमळ्यातल्या फुटक्या फरशीपासून झाली. १८४९ मध्ये त्याला ‘…नेलियस रक्तसाक्षी’ एवढीच अक्षरं असलेला तुकडा दिसला. हा कॉर्नेलियसच असणार, म्हणजे पोपांच्या कबरी याच जमिनीखाली आहेत, असं त्याने ताडलं आणि पोप नववा पायस याला मळा विकत घ्यायला राजी केलं. पुढे फरशीचा उरलेला भागही मिळाला. १८५२ मध्ये पवित्र पुरातत्त्वासाठी पोपने आयोग नेमला. आजही कॅटाकोम याच आयोगाच्या अखत्यारीत आहेत.

सान कालिस्तोचा दोष गर्दी. यात्रेकरूंच्या बस इथेच येतात. तीस जणांचा गट एका रांगेत, माणशी अर्धा मीटर धरला तरी पंधरा मीटर लांब होतो. बोगदा जेमतेम एका माणसाच्या रुंदीचा आणि टुफा सच्छिद्र असल्यामुळे आवाज शोषून घेतो. शेवटच्या दहा जणांना निम्मंही ऐकू जात नाही. उपाय एकच: मार्गदर्शकाच्या मागे दुसरा-तिसरा क्रमांक धरायचा आणि सोडायचा नाही. सकाळी उघडताच पहिला गट गाठावा. दुपारी बारा ते दोन बंद असतं आणि बुधवारी पूर्ण सुट्टी.

सान सेबास्तियानो

सान कालिस्तोपासून हे चालत थोड्याच अंतरावर आहे. सगळ्या कॅटाकोमना ज्यावरून नाव पडलं ते हेच ठिकाण. या भागाला ग्रीकमिश्रित नाव होतं, ‘खळग्यांजवळ’ अशा अर्थाचं, कारण इथे पोझोलाना मातीच्या जुन्या खाणी होत्या. मध्ययुगात बाकीच्या बहुतेक दफनभूमी विसरल्या गेल्या, ही मात्र कायम उघडी राहिली. म्हणून ठिकाणाचं नाव प्रकाराचं नाव झालं.

उघडी राहिल्यामुळे नुकसानही इथेच जास्त झालं. बोगद्यांतल्या फरश्या, चित्रं बरीचशी गेली. त्या भागाकडून फार अपेक्षा ठेवू नका. खरं मोल आहे ते दोन जागांचं.

पहिली म्हणजे तीन रोमन समाधिगृहं. दुसऱ्या शतकातली, विटांची, दर्शनी भाग शाबूत. आत नाजूक गिलाव्याचं काम आणि रंग अजून ताजे वाटावेत इतके चांगले. ख्रिस्ती आणि इतर रोमन माणसं सुरुवातीला शेजारी-शेजारी कशी पुरली जात ते इथे समजतं. तिसऱ्या शतकाच्या मध्यात हा खळगा भरून टाकला गेला, म्हणूनच ही समाधिगृहं वाचली.

दुसरी जागा त्या भरावावर उभारलेल्या छपराच्या अंगणाची. इथे लोक जमून मृतांच्या स्मरणार्थ जेवत, आणि गिलाव्यावर त्यांनी टोकदार वस्तूने खरडून लिहिलं आहे. पेत्र आणि पौल यांना उद्देशून केलेल्या शेकडो विनंत्या आहेत. ‘पौल आणि पेत्र, व्हिक्टरसाठी विनंती करा,’ असं एकाने लिहिलं आहे. अक्षर ओबडधोबड, शुद्धलेखन चुकलेलं. हे धर्मगुरूंचं लेखन नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या साध्या माणसांचं आहे, आणि रोममध्ये प्रेषितांच्या भक्तीचा इतका जुना आणि इतका थेट पुरावा दुसरीकडे पाहायला मिळणं कठीण. एका प्राचीन दिनदर्शिकेत पेत्राच्या इथल्या स्मरणाला २५८ या वर्षाचा उल्लेख जोडलेला आहे. त्या वर्षी व्हॅलेरियनचा छळ शिगेला होता. ६ ऑगस्टला पोप दुसरा सिक्स्टस आणि त्याच्याबरोबर चार डीकनांना दफनभूमीतच मारलं, असं कार्थेजच्या बिशप सिप्रियनने त्याच महिन्यातल्या पत्रात कळवलं आहे. प्रेषितांच्या अस्थी काही काळ इथे आणल्या होत्या की इथे केवळ स्मरण होत होतं, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मार्गदर्शकाने यातलं एकच मत ठामपणे सांगितलं तर ते अपुरं समजावं.

फेरीच्या शेवटी वर चर्चमध्ये येतो. आजची इमारत सतराव्या शतकाच्या आरंभीची. तिथे वेळ घालवण्यापेक्षा तो खरडलेला गिलावा पुन्हा आठवत बाहेर पडावं.

दोमितिल्ला

सेत्ते कियेझे रस्त्यावर, सान कालिस्तोपासून पायी सुमारे पंधरा मिनिटं. बोगदे १७ किलोमीटर. जमीन सम्राट डोमिशियनच्या नात्यातल्या फ्लाविया डोमिटिला या बाईची होती हे शिलालेखांवरून कळतं. प्रवेशच अर्ध्या जमिनीत असलेल्या चौथ्या शतकाच्या अखेरच्या बॅसिलिकेतून होतो. नेरेयस आणि अकिलेयस या रक्तसाक्षींच्या कबरीवर ती बांधली. वेदीच्या एका खांबावर अकिलेयसच्या वधाचं छोटं शिल्प आणि नाव आहे. ते न चुकवता पाहावं.

इथला एक मोठा भाग चौथ्या शतकातल्या धान्य आणि पाव यांच्या धंद्यातल्या लोकांचा. त्यांच्या खोलीत जहाजातून धान्य उतरवण्यापासूनची दृश्यं आहेत. काळ्या पुटाखाली गेलेली ही चित्रं लेझरने थर-थर साफ करून २०१७ मध्ये दाखवण्यात आली. ती नेहमीच्या फेरीत असतीलच असं नाही; तिकीट काढतानाच विचारावं.

१५९३ च्या डिसेंबरमध्ये अंतोनियो बोसिओ याच बोगद्यांत वाट चुकला आणि दिवे विझत आले होते. पुढे त्याने आयुष्य या दफनभूमींच्या अभ्यासाला दिलं. आज गटापासून मागे रेंगाळू नका असं पुन्हा पुन्हा बजावतात ते उगाच नाही. बोगदे एकसारखे दिसतात, आणि दोन वळणांनंतर दिशा कळत नाही. मंगळवारी बंद.

प्रिशिल्ला

बाकीच्यांपेक्षा ही वेगळ्या दिशेला, बऱ्यापैकी शहरी वस्तीत. टर्मिनी स्थानकावरून ९२ किंवा ३१० क्रमांकाची बस. बेनेडिक्टाइन भगिनी व्यवस्था पाहतात. बोगदे सुमारे १३ किलोमीटर. सोमवारी बंद.

‘ग्रीक चॅपल’ नावाची खोली एवढ्या एका गोष्टीसाठी इथे यावं. तिथे बायबलमधले प्रसंग आहेत: आगीतले तीन तरुण, सुसान्ना, लाजराचं उठणं, मागी लोकांचं येणं, आणि कमानीवर सात जण जेवायला बसलेले. ताटांत भाकरी आणि मासे, दोन्ही बाजूंना टोपल्या. १८९० च्या दशकात योझेफ व्हिल्पर्टने कवच काढून हे चित्र उघड केलं आणि त्याला ‘भाकर मोडणं’ असं नाव दिलं. टोकाला बसलेली व्यक्ती भाकर मोडते आहे. रांगेत बुरखा घेतलेली एक बाईही आहे. हे प्रभुभोजन की कबरीपाशी होणारं स्मरणभोजन, हा वाद अजून चालू आहे. माझ्या मते त्या काळच्या माणसाने या दोहोंत आज आपण करतो तेवढा फरक केलाच नसता.

एका छताच्या कोपऱ्यात मांडीवर मूल घेतलेली बाई, शेजारी ताऱ्याकडे बोट दाखवणारा पुरुष. मरियेचं हे सर्वांत जुनं ज्ञात चित्र असं इथे सांगतात. साधारण तिसऱ्या शतकाचा पूर्वार्ध. ते उंचावर आणि तळहाताएवढं आहे. मार्गदर्शकाने विजेरी धरली की लगेच पाहा, कारण उजेड थोडाच वेळ टिकतो. बुरख्यातल्या स्त्रीची खोली मात्र निवांत पाहता येते. डोळे वर लावून हात पसरलेली ती आकृती चारही कॅटाकोममधलं माझ्या मते सर्वोत्तम चित्र.

उजेड कमी का, फोटो का नाहीत, याची कारणं व्यावहारिक आहेत. दिव्यांच्या उजेडाने ओल्या गिलाव्यावर शेवाळं धरतं, श्वासातल्या बाष्पाने आणि कर्बवायूने चुन्याची पांढरी साय वर येते. अजिंठ्याला फ्लॅशबंदी आणि गटांवर मर्यादा आहे, तसंच हे. यावरून मार्गदर्शकाशी वाद घालू नये.

जाण्याआधी

खाली तापमान बारा महिने सुमारे १५ अंश, दमटपणा भरपूर. रोमच्या जुलैतून उतरलेल्याला पाच मिनिटांत हुडहुडी भरते. अंगावर घ्यायला काहीतरी न्यावं. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. जिने बरेच, ओलसर आणि असमान पायऱ्यांचे. चाकाच्या खुर्चीने नेहमीच्या फेरीला जाता येत नाही. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांनी एकच कॅटाकोम निवडावं. बंद जागेत घाबरणाऱ्यांनी आधी सांगावं, कारण गट मध्येच परत फिरत नाही.

अप्पियन रस्त्यावर जायला ११८ क्रमांकाची बस आणि सान जोव्हानीहून २१८. दोन्हींच्या फेऱ्या विरळ आहेत, आणि जुन्या रस्त्याला बऱ्याच ठिकाणी पदपथ नाही. कोपऱ्यावरून येणाऱ्या गाड्या दिसत नाहीत. मुलं बरोबर असतील तर सान कालिस्तोच्या आवारातली आतली वाट घ्यावी. हिवाळ्यात प्रत्येक कॅटाकोम आळीपाळीने काही आठवडे बंद असतं. तारखा त्या त्या वर्षी पाहून घ्याव्यात.

फेरी इंग्रजीत मिळते. वसईहून किंवा गोव्याहून येणाऱ्या गटांना एक सुचवावंसं वाटतं: काही शब्द आधीच एकमेकांना समजावून ठेवा. दफनभूमीसाठी ख्रिस्ती लोकांनी वापरलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘झोपण्याची जागा’. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेला दफनभूमीचा शब्द त्याच वंशातला. फरशीवर ‘पुरला’ या अर्थी जो लॅटिन शब्द येतो त्याचा मूळ अर्थ ‘ठेव म्हणून ठेवला’, म्हणजे परत न्यायचा आहे असा. रक्तसाक्षीच्या मरणदिवसाला ते जन्मदिवस म्हणत. ‘प्रभूमध्ये झोपी गेले’ हे आपल्याकडच्या कबरींवरचं वाक्य कुठून आलं ते मग कोणी सांगावं लागत नाही.

दोन कॅटाकोमसाठी वेळ असेल तर सकाळी नऊला सान कालिस्तो, अकरापर्यंत सान सेबास्तियानो. एकाच दिवशी तीन करू नयेत. तिसऱ्यात सगळ्या भिंती सारख्या दिसू लागतात. प्रिशिल्लासाठी वेगळी सकाळ राखून ठेवा आणि तिच्या जोडीला नोमेन्ताना रस्त्यावरची संत अग्नेसची दफनभूमी आणि शेजारचं सांता कोस्तान्झा पाहा. चौथ्या शतकातली तिथली द्राक्षतोडणीची मोझेक वर, उजेडात आहेत, आणि त्यांचे फोटो काढता येतात.